स्टीलचं कपाट आणि रुखमनबाईंची चंची

रुखमनबाईंनी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली, तेव्हा तिच्यातून आधी लसणाचे दोन गड्डे पडले. मग घराची किल्ली. मग प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा, एक कंगवा, आणि सगळ्यात शेवटी खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

"लसूण तुमाला आणलाय, बाई. घरचा हाये."

मी लसणाकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मा नाकावर सरकवला आणि विचारायला लागले.

"सातबारा?"

"हाये."

"मालकांच्या मृत्यूचा दाखला?"

"हाये."

"रेशन कार्ड?"

"ते दुकानात ठुलंय."

"कुठल्या दुकानात?"

"राशनच्या. आज साखर येनार व्हती. आमच्याकडं लाईनीत मानसाच्या जागी कार्ड ठिवत्यात. म्या हितं आले, कार्ड तिथं हुबं हाये."

कोपऱ्यात बसलेले जोगदंडकाका खुदकन हसले. मी हसले नाही. त्या काळात मी फार कमी हसायची. नवऱ्याने सांगूनही पाहिलं होतं की तुझ्या हसण्याने कायदा काही बदलणार नाही. पण मी अडतीस वर्षांची वकील होते, आणि हसलं की लोक आपल्याला गंभीरपणे घेत नाहीत, असं मला वाटायचं. आता वाटतं, न हसताही फारसं कुणी घेत नव्हतं.

रुखमनबाईंनी उसासा टाकून कमरेची चंची काढली. चंची म्हणजे कापडाची गुंडाळी. उघडली की आत कप्पेच कप्पे. एकात पान, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी, लवंगा, तंबाखू. मी लगेच म्हणाले, "मावशी, ऑफिसात चंची उघडायची नाही. पाटी लावली आहे."

त्यांनी पाटीकडे आदराने पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. चंची मुकाट्याने परत कमरेला गेली.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. माझं ऑफिस जुन्या जालन्यात, कापडाच्या एका घाऊक दुकानाच्या माथ्यावर. खाली शेठजींचे तागे, वर माझे दावे. जोगदंडकाका माझे मुन्शी. मुन्शी म्हणजे वकिलाचा कारकून, असं लोक समजतात. खरं म्हणजे वकील मुन्शीच्या हाताखाली असतो, फक्त हे वकिलाला उशिरा कळतं.

रुखमनबाई कुंभार पिंपळगावच्या. त्यांचे मालक, किसनराव, वर्षभरापूर्वी गेले होते. मूलबाळ नाही. चार एकर जमीन आणि दोन खणांचं घर किसनरावांच्या नावावर. माणूस गेला की त्याच्या वारसांची नावं सातबाऱ्यावर चढतात. तो बदल ज्या रजिस्टरात नोंदतात त्याला फेरफार म्हणतात. साधं काम असतं. पण रुखमनबाईंच्या दिराने, भगवानरावाने, हरकत घेतली होती. त्याने लिहून दिलं होतं, 'सदर बाई भावाच्या घरी स्वयंपाकपाण्यास होती. लग्नाची नव्हती.'

चाळीस वर्षं त्याच घरात ह्याच भगवानरावाला त्यांनी जेवायला वाढलं होतं.

"जिमीन काय करायची मला, बाई," रुखमनबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "कसनार कोन? पण म्या त्यांची बायकू व्हते का न्हवते, येवढं कागदावर बराबर लिहून घ्या."

म्हणजे मला लग्नाचा पुरावा हवा होता. साक्षीदार होते, पण निम्मे वारलेले आणि उरलेले भगवानरावाच्या शब्दाबाहेर न जाणारे. कागद हवा होता. आणि कागद काही केल्या एकत्र येत नव्हते. ही रुखमनबाईंची तिसरी खेप. माझ्या सगळ्याच पक्षकारांची हीच तऱ्हा. आज एक कागद आणला की कालचा घरी राहिलेला. दोन एसट्या बदलून माणूस यायचा आणि तसाच परत जायचा. तारखेमागून तारखा पडायच्या.

मग मी ठरवलं, आपण एखादं साधन शोधायचं. 'सिस्टिम' हा शब्द तेव्हा नुकताच माझ्या तोंडात बसला होता. मी तो उठता-बसता वापरायची.

पहिली सिस्टिम म्हणजे यादी. लागणाऱ्या अकरा कागदांची यादी टाइप करून तिच्या शंभर झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. पुढच्या खेपेला लोक ती यादी घेऊन आले. फक्त यादी. एकाने तिला लॅमिनेशन करून आणलं होतं. रुखमनबाईंनी तर ती देवळीत ठेवली होती, कोपऱ्यावर कुंकू लागलेलं. वकिलाच्या हातचा कागद म्हणजे महत्त्वाचा कागद. तो सगळ्यांनी जिवापाड जपला. मी मागितलेले मात्र घरीच राहिले.

दुसरी सिस्टिम आपल्या पायांनी चालत आली. औरंगाबादचा एक सेल्समन कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेऊन जिना चढला. "म्याडम, आता पेपरलेस जमाना येतोय. कागद ह्या काचेवर ठेवला की फोटो आत. नाव टाइप केलं की बाहेर."

मी भारावून गेले. जोगदंडकाकांनी मशीनला एक फेरी मारली.

"ह्याच्यात रुखमनबाईचा कागद आपोआप येतो का?"

"नाही काका. आधी आणावा लागतो."

"मंग आणायचंच तर अवघड हाय ना भाऊ. आणल्यावर काय, म्या बी सापडून देतो."

तेवढ्यात लाइट गेली. सेल्समन म्हणाला, यूपीएस वेगळा घ्यावा लागेल. काका म्हणाले, चहा घ्या, लाइट काय संध्याकाळच्या आधी येत न्हाई.

तिसरी सिस्टिम मी निवडली आणि तिच्यावर भाळले. औरंगाबादला एका बड्या वकिलांकडे पाहिलं होतं तसं स्टीलचं कपाट. त्यात ओळीने बॉक्स फाइली, प्रत्येकीच्या पाठीवर एकेक अक्षर. सोबत एक आवक रजिस्टर. नियम सोपा. कागद जसा येईल तसा ताबडतोब ठेवून घ्यायचा, एकेक का असेना. नाव विचारायचं, गाव विचारायचं, रजिस्टरात लिहायचं, पावती द्यायची, आणि नावाच्या पहिल्या अक्षराच्या फाइलीत कागद टाकायचा. लोकांनी सगळे कागद एकदम आणायची गरजच नाही.

त्याआधी काका प्रत्येक प्रकरणाचा बस्ता बांधायचे. लाल कापडाचा चौकोन, त्यात त्या माणसाचे सगळे कागद, वरून गाठ. मी सगळे बस्ते सोडायला लावले. कापडं घडी करून खाली शेठजींकडे परत पाठवली. शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या जालन्यात काढलेलं. त्यांनी वर निरोप धाडला, "वकीलसाब, लाल कपडा परत नसते करत. पण ठीक हाय, ठेवतो. लागंल तवा न्या."

काका एवढंच म्हणाले, "म्याडम, बस्त्यात माणूस एका जागी ऱ्हातो."

"काका, जग पुढे गेलंय."

"गेलं आसंल," काका म्हणाले आणि शेवटची गाठ सोडली.

कपाट आलं त्याच आठवड्यातली गोष्ट. काका कोर्टात होते. मी फोनवर होते, कुणाला तरी माझ्या सिस्टिमबद्दलच सांगत होते. पटका बांधलेला एक म्हातारा जिना चढून धापा टाकत आला. फोन कानाशी धरूनच मी विचारलं, "नाव?" तो म्हणाला, "आमच्या द्वारकीचा कागद हाये." "गाव?" "वाटूर." त्याने लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. मी रजिस्टरात लिहिलं, 'द्वारका, वाटूर. जुना कागद, १.' पावती फाडून दिली. फडकं तसंच 'द' च्या फाइलीत ठेवलं. दोन मिनिटांत काम. म्हातारा जरा घुटमळला, पाणी मागावं की नाही असं बघत. मी फोनवर बोलतच होते. तो उतरून गेला.

फडकं उघडून बघायला काय झालं होतं, असं आता तुम्ही विचाराल. मीही गेली पंचवीस वर्षं तेच विचारते आहे.

दहा दिवसांनी रुखमनबाई आल्या. तोंडभर हसत. "झालं ना बाई आता? भावानं आमच्या लग्नाची याद आणून दिली म्हनतो."

याद म्हणजे लग्न ठरताना पंचांपुढे केलेला कागद. मुलगी कुणाची, मुलगा कुणाचा, कुणी काय द्यायचं, हे त्यात लिहितात. खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या नाहीतर अंगठे, कोपऱ्यांना हळदकुंकू. आमच्या भागात सोयरीक अशीच पक्की होते. यापेक्षा चांगला पुरावा मला मिळणार नव्हता.

मी ऐटीत उठले. 'र' ची फाइल काढली. नाही. रजिस्टर चाळलं. रुखमन कुठेच नाही.

"मावशी, याद आलेली नाही."

"दिली म्हनतो त्यो. सोता आल्ता."

"भाऊ विसरला असेल. रजिस्टर खोटं बोलत नाही."

त्यांनी रजिस्टरकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तो बी खोटं बोलत न्हाई, बाई." आणि पिशवी उचलत, "पन तुमी शिकल्यासवरल्या. तुमचं रजिस्टर म्हनतं तं न्हाई दिली आसंल."

तशाच उठून त्या वाटूरला गेल्या आणि भावाच्या दारात उभं राहून त्याला खोटारडा म्हणाल्या. माहेरचा तो एकटाच उरला होता. हे मला नंतर कळलं.

सुनावणी घनसावंगीला तहसीलमध्ये होती. याद नव्हती. मी रेशन कार्ड, मतदार यादी, जे हाताला लागेल ते पुढे केलं. भगवानरावाचा वकील म्हणाला, "नाव असेल, पण लग्न कुठे आहे?" तहसीलदारसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे लग्न नव्हतं. त्यांनी शेवटची म्हणून आठ दिवसांनंतरची तारीख दिली. पुरावा आला तर ठीक, नाहीतर हरकत मान्य.

आम्ही दोघी स्टँडवर बाकावर येऊन बसलो. त्यांची गाडी अंबडकडून यायची होती, माझी जालन्याची अजून दिसत नव्हती. मी रागाने धुमसत होते, कुणावर ते कळत नव्हतं. रुखमनबाईंनी भाकरी सोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. भाकरी झाल्यावर म्हणाल्या, "हितं पाटी न्हाई ना, बाई?"

"कसली पाटी?"

त्यांनी कमरेची चंची वर करून दाखवली. मला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. म्हणाले, "उघडा, मावशी."

चंची त्यांच्या मांडीवर उलगडली. त्या बघत होत्या समोरच्या रस्त्याकडे, आणि बोटं आपली आपण एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरत होती. पान, चुना, कात, सुपारी. एका कप्प्यावर बोट थांबलं.

"लवंग सरली."

"न बघता कसं कळलं?"

"बोटाला रिकामं लागतंय ना." त्यांनी विडा दुमडून माझ्या हातावर ठेवला. "मालकाच्या आईनं शिकवलं मला विडा लावायला. लई माया लावली. नावाचीच तेवढी पंचाईत झाल्ती."

"कसली पंचाईत?"

"तिचं बी नाव द्वारका, माझं बी द्वारका. एका घरात सासू-सुनंचं एकच नाव कसं चालंल? मंग लग्नात बदलून रुखमन केलं. सगळा गाव रुखमन म्हनतो. भाऊ तेवढा आजून द्वारकीच म्हनतो मला." त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हनत व्हता."

माझ्या हातातला विडा हातातच राहिला.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे मला काय माहीत नव्हतं? माझंही बदललं होतं. माझ्या सासरच्या नावाने मी वकिली करत होते आणि माझी आई मला मरेपर्यंत दुसऱ्याच नावाने हाक मारायची. आणि ह्याच बाईने, म्हणजे मी, माणसं नावाच्या पहिल्या अक्षरावर लावायची सिस्टिम काढली होती.

जालन्याला पोचले तेव्हा काका ऑफिस बंद करून कुलूप लावत होते. मी त्यांना बाजूला केलं आणि कपाटातून 'द' ची फाइल ओढली. लाल फडकं होतं तिथेच होतं. उघडलं. पिवळा पडलेला कागद, चारही कोपऱ्यांना हळद. 'वाटूरची चि. द्वारका, कुंभार पिंपळगावचे चि. किसन.' खाली मुलाकडून एक अंगठा, आणि शेजारी अंगठा कुणाचा ते लिहिलेलं. किसनरावांचे वडील. म्हणजे भगवानरावाचेही.

काकांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. एका अक्षराने बोलले नाहीत. तो उपकार मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कुंभार पिंपळगावला गेले, रुखमनबाईंना घेतलं आणि गाड्या बदलत दोघी वाटूरला गेलो. त्यांचा भाऊ, अप्पा, ओट्यावर बसला होता. बहिणीला बघून त्याने तोंड फिरवलं.

"अप्पा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "कागद माझ्याच कपाटात होता."

"म्हंजी म्या दिल्ता."

"दिला होतात."

त्याने पटक्याच्या घडीतून माझी पावती काढली आणि माझ्यापुढे धरली. चुरगळलेली नव्हती. इस्त्री केल्यासारखी होती.

"मग ही बहिणीला का नाही दाखवली?"

"तिनं इचारलं का? पायरी चढायच्या आधीच खोटारडा म्हनली. मंग म्या बी म्हनलं, ऱ्हाऊ दे खोटारडाच."

रुखमनबाई खाली मान घालून म्हणाल्या, "वकीलबाईचं रजिस्टर तसं म्हनलं रं."

"रजिस्टर तुझा भाऊ हाये का म्या हाये?"

मग अप्पा सरकला, ओट्यावर जागा केली. "बस, द्वारके. उनातून आलीस." माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी बी बसा. आन आधी पानी प्या. त्या दिवशी तुमच्याकडं मागायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं."

मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला.

पुढची सुनावणी दहा मिनिटांत संपली. भगवानरावाचा वकील म्हणाला, "ही द्वारका कोण? ह्या बाईचं नाव रुखमन आहे." साहेबांनी भगवानरावालाच विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय?"

"द्वारकाबाई."

"मग घरात दोन द्वारका कशा राहिल्या असत्या?" त्यांनी याद त्याच्यापुढे सरकवली. "हा अंगठा कुणाचा लिहिलाय, वाचा."

भगवानरावाने वाचलं. मनातल्या मनात. मग तो कागद त्याने कपाळाला लावला, टेबलावर ठेवला, आणि म्हणाला, "माझी हरकत न्हाई." बाहेर पडताना तो वहिनीसमोर थांबला. त्यांनीच विचारलं, "जेवून आलास का?"

परत आल्यावर मी खाली शेठजींकडे गेले. म्हणाले, लाल कापड परत हवंय, आणि मांजरपाटाच्या चंच्या शिवून हव्यात. अकरा कप्प्यांच्या, कागद मावेल एवढ्या. प्रत्येक कप्प्याला वेगळ्या कापडाचं ठिगळ. खणाचं, चिटाचं, धोतराच्या काठाचं.

शेठजी म्हणाले, "वकीलसाब, हे तर पानाचा बटवा झाला."

"तोच हवाय."

"पहिलेच विचारलं असतं तं कपाटाचा खर्चा वाचला असता."

त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एक चंची मिळायची. खणाच्या कप्प्यात सातबारा, चिटाच्या कप्प्यात दाखला. मूळ कागद त्यांच्या घरी, त्यांच्या चंचीत. आमच्याकडे फक्त झेरॉक्स, काकांच्या लाल बस्त्यात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या बाया घरून निघतानाच बोटं फिरवायच्या आणि कुठला कप्पा रिकामा आहे ते त्यांना कळायचं. रिकाम्या हाताने घातलेल्या खेपा जवळजवळ थांबल्या. पाटीही मी काढून टाकली. आणि रजिस्टरात 'नाव' ह्याच्या पुढे एक नवा रकाना आखला, 'माहेरी काय म्हणतात'.

काही महिन्यांनी रुखमनबाई नवा सातबारा घेऊन आल्या. बरोबर लसूणही होता. ह्या वेळी मी आधी लसूण घेतला.

"माझं नाव कुठं हाये, तेवढं दावा."

मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. त्यांनी ते तिथे बराच वेळ ठेवलं.

"आन मालकाचं?"

बोट एक ओळ वर नेलं. त्यांनी डोळे बारीक केले. "ह्येला दोन्हीकून गोल काऊन केलंय?"

"गेलेल्या माणसाचं नाव असं कंसात ठेवतात, मावशी. खोडत नाहीत."

त्यांनी बोट कंसावरून फिरवलं. मग मान हलवली. "मंग बराबर हाये. घरात बी तसंच हाये."

सातबाऱ्याची घडी करून त्यांनी तो खणाच्या कप्प्यात सारला आणि वरून बोटाने दाबून पाहिला.

माझी मुलगी पुण्यात सीए आहे. क्लायंटकडून कागद गोळा करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं परवा तिने मला उगाच गमतीने विचारलं. मी म्हटलं, कुठलंही घे, फक्त कागद देणाऱ्याला आधी पाणी विचार, आणि त्याच्या बहिणीला तो काय हाक मारतो ते विचार. ती हसली. तिला हसायला येतं, ते बरं आहे.

स्टीलचं कपाट मी विकलं नाही. ते आता स्वयंपाकघरात आहे, लोणच्याच्या बरण्यांसाठी. बरण्या अक्षरांप्रमाणे लावल्या आहेत. सिस्टिम उत्तम चालते. लोणच्याचं लग्न होत नाही.